ड्रिल, इम्पॅक्ट आणि ग्राइंडर: कार्बनवालं घ्यावं की ब्रशलेस?

फळीखुंटी:
नमस्कार मंडळी. हौस म्हणून सुतारकाम करतो. शेल्फ, टेबल, खिळखिळ्या पलंगाची दुरुस्ती, मधूनच लोखंडी अँगलचा एखादा स्टँड. वायर ओढत फिरायचा कंटाळा आला, म्हणून आता एकाच कंपनीची १८ व्होल्टची तीन मशीनं घ्यायची ठरवली आहेत: ड्रिल ड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारा) आणि छोटा ग्राइंडर. बॅटऱ्या दोन, तिन्ही मशीनना मिळून.

घोळ असा की तिन्ही मशीनं कार्बन ब्रशवाली (मोटारीत घासून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेली) पण मिळतात आणि ब्रशलेस, म्हणजे त्यांच्याशिवायची, पण. तिन्ही ब्रशलेस घेतली तर बजेट हाताबाहेर जातं. तिन्ही ब्रशवाली घेतली तर उरलेल्या पैशात वर एक मोठी बॅटरी येते. विकणारा म्हणतो ब्रशलेसशिवाय बघूच नका. मित्र म्हणतो कार्बनवालं कुठेही दुरुस्त होतं, ब्रशलेसचं कार्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलं की मशीन भंगारात. दोघंही ठासून सांगतात, त्यामुळे मी होतो तिथेच आहे. रोज वापरणाऱ्यांनी सांगा, पैसे नक्की कुठे घालू?

घाईगडबड:
एवढा विचार कशाला? डोळे झाकून ब्रशलेस घ्या. कार्बन बदलायची कटकट नाही, बॅटरी जास्त पुरते. आजकाल ब्रशवालं घेतं कोण? आणि १८ कशाला, २० व्होल्टचं घ्या, जास्त जोर मिळेल.

काजळी:
माझा धंदा मशीनं उघडायचा आहे, त्यामुळे माझ्या टेबलावरून जसं दिसतं तसं सांगते.

आधी ते २० व्होल्ट. १८ च्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. २० मॅक्स लिहिलेल्या बॅटरीतही तेच पाच सेल. नुकती चार्ज केलेली, भार नसलेली बॅटरी मोजली की २० च्या आसपास आकडा येतो, तोच खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात. काम सुरू झालं की दोन्ही एकच. १२ व्होल्ट मॅक्सचंही तसंच, तीन सेल, खरे १०.८.

आता कार्बन. ‘कार्बन बदलायची कटकट’ हे ब्रशलेस घेण्याचं सगळ्यात लेचंपेचं कारण आहे. कार्बन हा मोटारीतला सगळ्यात स्वस्त भाग, आणि तो झिजण्यासाठीच असतो. मऊ कार्बन झिजतो म्हणून तो ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता कम्युटेटर टिकतो. बाहेरून टोपणं असलेलं मशीन असेल तर चपट्या स्क्रूड्रायव्हरने टोपण फिरवायचं, स्प्रिंगसकट जुना कार्बन बाहेर, नवा आत. गिऱ्हाईक उभं असतानाच मशीन परत जातं. घरगुती वापरात तर पहिला जोड संपता संपत नाही. आणि ‘घेतं कोण’ म्हणाल तर ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आणलं, तेव्हापासून कित्येक दशकं सगळ्या जगाने याच मोटारीवर भोकं पाडली आहेत. ब्रशलेसला स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स आणि जोरदार निओडिमियम चुंबक लागतात. ते हाताशी आल्यावरच ही मोटार ड्रिलच्या मुठीत मावायला लागली.

खरा फरक उष्णतेचा आहे. ब्रशवाल्या मोटारीत तारेचं वाइंडिंग मधल्या फिरत्या आर्मेचरवर असतं आणि चुंबक बाहेरच्या कवचाला. फिरत्या भागाला वीज पोचवायची म्हणून कार्बन घासत राहतात. घासण्यात थोडी वीज जाते, ठिणगीत थोडी जाते, आणि तापलेलं आर्मेचर मधोमध अडकलेलं असल्यामुळे त्याची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ब्रशलेसमध्ये सगळं उलटं. चुंबक मध्ये फिरतात, वाइंडिंग बाहेर स्थिर बसतं, पंख्याची हवा त्याला नीट लागते. कुठल्या वाइंडिंगला कधी वीज द्यायची हे कार्ड ठरवतं. बहुतेक कार्डांवर सहा मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, आणि रोटर, म्हणजे चुंबकांचा फिरता भाग, कुठवर फिरलाय हे कळायला चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर.

ढोबळमानाने ब्रशवाली मोटार मिळालेल्या विजेपैकी ७५ ते ८० टक्के कामाला लावते, ब्रशलेस ८५ ते ९०. ‘एवढासाच फरक?’ असं वाटेल. पण वाया जाणारा भाग बघा. एकीकडे २० ते २५ टक्के, दुसरीकडे १० ते १५. म्हणजे त्याच कामात मोटार जवळजवळ निम्मीच तापते. मशीनं मरतात ती याच तापण्याने, कार्बनने नाही.

म्हणून मी विचारते ते एवढंच: ट्रिगर सलग किती वेळ दाबलेला राहणार? लाकडात पायलट होल (स्क्रूआधीचं बारीक भोक) पाडलं, थांबलात, पुढची खूण केली, परत पाडलं. या थांबण्यात मोटार गार होते. असल्या कामात ब्रशवालं ड्रिल वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. ग्राइंडरचं तसं नाही. अँगल कापायला घेतला की कट पूर्ण होईपर्यंत भार चालूच. तुमच्या तीनपैकी एकच ब्रशलेस परवडत असेल तर तो ग्राइंडर घ्या.

मशीन अडकतं तेव्हाचा फरकही लक्षात ठेवा. होल सॉ (मोठं गोल भोक पाडणारी करवत) लाकडात अडकला, मोटार जागच्या जागी थांबली, की ब्रशवाल्या मोटारीत करंट सगळ्यात जास्त वाहतो, कारण त्याला अडवायला वाइंडिंगच्या रेझिस्टन्सशिवाय फारसं काही नसतं. तशात ट्रिगर दाबून धरला तर कार्बनखाली सापडलेल्या कम्युटेटरच्या त्याच त्या पट्ट्या भाजत राहतात. असं आर्मेचर उघडलं की सगळा कम्युटेटर तांबूस आणि समोरासमोरच्या दोन जागी काळे चट्टे. गिऱ्हाईक ‘हो, आपोआप बंद पडलं’ म्हणत असतं आणि चट्टे वेगळंच सांगत असतात. ब्रशलेसचं कार्ड अशा वेळी करंट तोडून टाकतं. ट्रिगर सोडून परत दाबला की चालू. ते बिघाड म्हणून माझ्याकडे घेऊन येणारेही आहेत.

तुमचा मित्रही चुकीचं बोलत नाहीये. पुष्कळ ब्रशलेस मशीनमध्ये स्विच, कार्ड आणि वाइंडिंग तारांनी जोडलेलं एकच असेंब्ली म्हणून येतं. एक मॉस्फेट उडाला तरी अख्खा गठ्ठा बदला, आणि त्या गठ्ठ्याची किंमत ऐकून लोक नवीन मशीनच घेतात. आणखी एक, रोटरवर चुंबक असतात, ते लोखंडाचा कीस ओढून घेतात. ग्राइंडरच्या जाळीवर पिसासारखा उभा राहिलेला कीस दिसला तर तो वेळच्या वेळी झटका. बॅटरी काढूनच.

कोनाडा:
काजळीताईंनी मोटारीचं सांगितलं, मी मुठीचं सांगतो. कपाटं बसवायचं काम करतो.

कम्युटेटर आणि कार्बन नसल्यामुळे ब्रशलेस मोटार आखूड असते. कॅटलॉगमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा फरक वाचून काही वाटत नाही. खणाच्या आत हात घालून बिजागरीचा मागचा स्क्रू पिळायचा असतो तेव्हा त्याच दोन सेंटिमीटरमुळे बिट सरळ बसतं किंवा तिरकं. तिरकं बसलं की स्क्रूचं डोकं खाल्लं गेलंच समजा. म्हणून माझं मत, ग्राइंडरच्या खालोखाल इम्पॅक्ट ब्रशलेस घ्या. शिवाय कार्डामुळे वेगाचे टप्पे बटणावर मिळतात, बिजागरीला पहिला टप्पा, पलंगाच्या लांब स्क्रूला शेवटचा. ब्रशवाल्या इम्पॅक्टमध्ये सगळी मदार बोटावर.

पण घ्यायच्या आधी मशीन हातात घेऊन ट्रिगर अगदी केसभर दाबून बघा. काही स्वस्तातली ब्रशलेस मशीनं सुरुवातीला कुंथतात किंवा एकदम हिसका देतात. बिट स्क्रूच्या खाचेत बसवायला संथ फिरणं लागतं. तिथे साधं ब्रशवालं मशीन कितीतरी लोण्यासारखं सुरू होतं. नुसतं ब्रशलेस लिहिलंय म्हणून भाळू नका. ड्रिलच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यात) सरळ बिट लावून फिरवा, टोक डुलतंय का बघा. डुलणाऱ्या चकला कुठलीही मोटार वाचवत नाही.

घाईगडबड:
ठीक आहे, २० व्होल्टचं मागे घेतो 😀 पण बॅटरी जास्त पुरते हे तर खरं ना? जाहिरातीत ५० टक्के जास्त म्हणतात.

काजळी:
पुरते, पण ‘५० टक्क्यांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ बारीक अक्षरात असतो. हलक्या कामात फरक कमी दिसतो, जड कामात जास्त. आणि एवढ्या फरकापेक्षा बॅटरीचं माप फार मोठं काम करतं. हिशेब घाला. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. ग्राइंडर लोखंड कापताना ५०० वॉट ओढतोय असं धरा, म्हणजे सलग चार मिनिटांत बॅटरी संपली. मोटार ब्रशलेस असली म्हणून त्या चाराची दहा होणार नाहीत.

त्याहून महत्त्वाचं, ५०० वॉट म्हणजे १८ व्होल्टला २८ अँपिअरच्या आसपास. २ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये साधारणपणे पाचच सेल, त्यामुळे तो सगळा करंट प्रत्येक सेलमधून जातो. ४ च्या पॅकमध्ये बहुतेक वेळा दहा सेल असतात, दोन-दोनच्या जोड्या करून, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा. मोठी बॅटरी फक्त जास्त वेळ चालते असं नाही, मशीनला जोरही पुरता देते. पडेल बॅटरीवर भारी ब्रशलेस ग्राइंडर चालवून ‘दम नाही’ म्हणणारे भरपूर भेटतात.

फळीखुंटी:
ताई, दादा, खूप उपयोग झाला. दोन शंका राहिल्या. एक, मित्राच्या ब्रशवाल्या ड्रिलमध्ये ट्रिगर सोडला की जाळीतून निळी ठिणगी दिसते. हे बरं की वाईट? मी पॉलिश आणि थिनरचं काम त्याच खोलीत करतो. दुसरं, खोक्यावर ब्रशवाल्या ड्रिलचा टॉर्क (पिळण्याचा जोर) ५० आणि ब्रशलेसचा ६० न्यूटन-मीटर लिहिलाय. हा फरक हाताला जाणवतो का?

काजळी:
ट्रिगर सोडल्यावरची ठिणगी बहुतेक वेळा ब्रेकची असते. बोट उचललं की स्विच मोटारीची दोन टोकं एकमेकांना जोडतो, फिरती मोटार क्षणभर जनरेटर होते आणि स्वतःलाच थांबवते. चक पटकन थांबतो तो त्यामुळे. फिरताना कार्बनखाली बारीक निळसर लकाकी असणंही नेहमीचंच. कम्युटेटरभोवती आगीचं कडंच दिसायला लागलं, किंवा जळका वास येऊन मशीन अडखळायला लागलं, तर मात्र उघडून बघायची वेळ झाली.

थिनरचं म्हणाल तर दोन्ही प्रकार त्या खोलीत नकोत. ब्रशलेसमध्ये कार्बनची ठिणगी नाही, पण म्हणून ते स्फोटक वाफेत वापरायला बनवलेलं नाही. ग्राइंडर तर चाकाखालून ठिणग्यांचा पाऊसच पाडतो. पॉलिशचा डबा बंद, खिडक्या उघड्या, वास पूर्ण गेला, मग मशीन.

कोनाडा:
टॉर्कचं मी सांगतो. खोक्यावरचा मोठा आकडा हार्ड टॉर्कचा, म्हणजे घट्ट जागी मशीन अडतं त्या क्षणाचा. लाकडात लांब स्क्रू जाताना उपयोगी तो सॉफ्ट टॉर्क, तो बराच कमी असतो आणि माहितीपत्रकात आत कुठेतरी छापलेला असतो. दोन मशीनची तुलना त्या आकड्यावर करा. तुमच्याकडे इम्पॅक्ट असणारच आहे, त्यामुळे लांब स्क्रू तोच पिळेल. ड्रिलच्या ५० आणि ६० मध्ये अडकू नका.

फळीखुंटी:
मग असं करतो: ग्राइंडर आणि इम्पॅक्ट ब्रशलेस, ड्रिल ब्रशवालं. बॅटरी एक २ ची, एक ४ ची. ड्रिल घेताना काही बघायचं?

काजळी:
जमलं. ४ ची ग्राइंडरला, २ ची ड्रिल आणि इम्पॅक्टला. मूठही हलकी राहील.

ड्रिलला बाहेरून कार्बनची टोपणं आहेत का बघा. पुष्कळ बॅटरी ड्रिलना नसतात, मग कार्बनसाठी अख्खं कवच उघडावं लागतं. ते अवघड नाही, पण गेअर निवडायची तार किंवा एखादी स्प्रिंग उडते आणि तासभर जमिनीवर शोधत बसावं लागतं. त्या मॉडेलचे कार्बन सुटे मिळतात का, हेही घ्यायच्या आधीच विचारून ठेवा. काही मशीनचे फक्त होल्डरसकट मिळतात, काहींचे मिळतच नाहीत.

पुढे कधी कार्बन बदललेत तर दोन्ही एकदमच बदला, आणि लगेच कामाला जुंपू नका. थोडा वेळ मोकळंच फिरवा, म्हणजे कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईवर घासून बसेल. कम्युटेटर मळलेला दिसला तर एमरी पेपर लावू नका, त्याचे कण पट्ट्यांमधल्या खाचेत रुततात. अगदी बारीक साधा काचपेपर हलक्या हाताने फिरवा आणि खाचा लाकडी टोकाने साफ करून घ्या.