पुठ्ठ्याच्या घड्याळावर ‘पावणे’ कसे शिकवावे?

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. ताट उपडे ठेवून वर्तुळ काढले, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन काटे कापले आणि टाचणीने मध्यभागी बसवून तिच्यासाठी घरीच घड्याळ केले. पूर्ण तास ती बिनचूक सांगते, ‘साडे’ही बऱ्यापैकी जमते, परंतु पावणेचार दाखवायला सांगितले की तास काटा नेमका चारवर ठेवते आणि मग भिंतीवरचे घड्याळ पाहून गोंधळते. शिवाय टाचणी सैल होऊन काटे खाली घसरतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : टाचणीऐवजी लहान नट-बोल्ट वापरावा आणि पुठ्ठ्याच्या पुढे-मागे एकेक वायसर घालावा. काटा बोटाने फिरेल, पण सोडल्यावर जागचा हलणार नाही, इतपतच नट आवळावा. वर्तुळ कंपासने काढल्यास मध्यबिंदू आपोआप मिळतो, आणि कंपासचे अंतर तेच ठेवून परिघावर खुणा करत गेल्यास बरोबर 6 खुणा होतात. त्यांच्या मधोमध आणखी एकेक केली की 12.

उत्तर २ : मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. मुलीची चूक स्वाभाविक आहे, कारण ‘पावणेचार’ या शब्दात तिला चार ऐकू येतो. खऱ्या घड्याळात मिनिट काट्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत तास काटा 30 अंश पुढे सरकतो. पुठ्ठ्यावर दोन्ही काटे सुटे असल्यामुळे हा संबंध मुलांना दिसतच नाही. म्हणून पहिला आठवडाभर मिनिट काटा काढूनच ठेवावा. दर दोन आकड्यांच्या मध्ये तीन बारीक रेघा ओढाव्यात : तीनच्या पुढची पहिली रेघ सव्वातीन, दुसरी साडेतीन, तिसरी पावणेचार. ‘पावणेचार’ म्हणजे चाराला पाव उणा, हे तेव्हाच सांगावे. माझ्या वर्गातील एक मुलगा तिसऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, “बाई, काटा अजून चारच्या घरी पोचला नाही.” तेव्हापासून मी वर्गात त्याचेच वाक्य वापरते.

दीड आणि अडीच मात्र त्या-त्या रेघेशेजारी अक्षरांत लिहून ठेवावेत, अन्यथा मुले ‘साडेएक’, ‘साडेदोन’ म्हणू लागतात आणि त्यांच्या दृष्टीने ते तर्काला धरूनच असते. बारा व एक यांच्यामधील तिसऱ्या रेघेपाशी ‘पाऊण’ लिहावे.

उत्तर ३ : घरात जुने भिंतीवरचे घड्याळ असल्यास त्याची काच आणि सेल काढून ते मुलीच्या हाती द्यावे. मागची चकती फिरवली की दोन्ही काटे एकमेकांच्या हिशेबाने फिरतात. जे पुठ्ठ्यावर समजावून सांगावे लागते, ते तिथे डोळ्यांसमोर घडते.

प्रश्नकर्ती : सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेघा आखल्या, नट-बोल्टही बसवला. काल तिने पावणेचार आणि पावणेसात दोन्ही बरोबर लावले. मिनिट काटा परत केव्हा बसवावा?

उत्तर २ : नुसत्या तास काट्यावरून ती न अडखळता वेळ सांगू लागली आणि पाचाचा पाढा तोंडपाठ झाला की बसवावा. मिनिटांचे आकडे बाहेरच्या बाजूने वेगळ्या रंगात लिहावेत आणि तास काटा मात्र आखूड व जाडच ठेवावा.