पाच वर्षांत तपासणी थांबवायची?
किरणोत्सर्गाच्या संपर्कात आलेल्यांबद्दल "पाच वर्षं काही निघालं नाही तर तपासण्या थांबवायला हरकत नाही" असं एक मत मांडलं जातं. ते मला पटत नाही. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांचंच बघा. 1 मार्च 1954 च्या कॅसल ब्राव्हो या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची किरणोत्सारी राख तिथल्या राँगेलाप बेटावर पडली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. उलट्या, त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे, केस गळणं हे सगळं लवकरच दिसलं आणि बरंही झालं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या गाठी मात्र 1963 पासून सापडू लागल्या, त्याही मुख्यतः 1954 मध्ये लहान असलेल्यांमध्ये. राखेतून या ग्रंथीत साठलेल्या किरणोत्सारी आयोडीन-131 चं अर्धायुष्य (म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ) जेमतेम आठ दिवसांचं. ते कधीच संपलं होतं, पण मुलांच्या इवल्याशा ग्रंथीत व्हायचं ते नुकसान तोवर होऊन गेलेलं.

या तपासण्यांची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेहून दरवर्षी डॉक्टर यायचे, रक्ताचे नमुने न्यायचे. आपल्यावर उपचार चाललेत की आपला अभ्यास, असा संशय बेटावरच्यांना आला तो उगाच नाही. 1957 मध्ये त्यांना त्याच दूषित बेटावर परत नेऊन ठेवलं होतं (तेही सुरक्षित आहे म्हणून सांगून!). शेवटी 1985 मध्ये ते स्वतःच बेट सोडून गेले.