मदत हवी आहे: अथेन्सच्या घुबडाच्या नाण्याचा काळ कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी,

मामांच्या संग्रहातलं चांदीचं एक ग्रीक नाणं सध्या माझ्याकडे आहे. अथेन्सचं टेट्राड्राक्मा, म्हणजे चार द्राक्मांचं (द्राक्मा हे प्राचीन ग्रीक चलन). एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला आपल्याकडे टक लावून बघणारं घुबड. त्याच्या मागे ऑलिव्हची डहाळी आणि इवलीशी चंद्रकोर, पुढे अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही अक्षरं. वजन १६.९ ग्रॅम भरलं. मूळ प्रमाण साधारण १७.२ ग्रॅमचं, त्यामुळे झीज धरली तर ठीक वाटतं.

अडलंय ते अथेनाच्या डोळ्यावर. इ.स.पू. पाचव्या शतकात चेहरा बाजूने असूनही डोळा समोरून पाहिल्यासारखा, बदामी काढत. चौथ्या शतकात तो खरोखर बाजूने दिसतो. माझ्या नाण्यात डोळा बदामीच आहे, पण नाकाकडचं टोक किंचित उघडं आहे. हा मधला टप्पा मानावा का?

शिवाय घुबडाच्या डोक्यावर छिन्नीचा खोल घाव आहे. आत तांबं तर नाही ना, हे बघायला असे घाव घालत. आतही चांदीच दिसते. पण इजिप्त आणि लेव्हांटमध्येही (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा प्रदेश) या नाण्यांच्या नकला पाडल्या जात, त्या कशावरून ओळखायच्या? अक्षरांच्या वळणावरून काही कळतं का?

घरचे चिंच-मीठ लावून घासायला सांगताहेत. मी हातही लावू दिलेला नाही. नाण्यावरचा काळसर थर राहायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं. दोन्ही बाजूंचे फोटो देतो.