ध्रुवाजवळच्या सूचिपर्णी वृक्षांनी पाने का गाळली?

प्रश्न (जुळे सोलापूर) :
मी शाळेत विज्ञान शिकवतो. शेताच्या बांधावरचा साग माघ-फाल्गुनात बोडका होतो तो पाणी वाचवण्यासाठी, हे सोलापूरच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. परंतु कॅनडाच्या अ‍ॅक्सेल हायबर्ग बेटावर, ८० अंश उत्तर अक्षांशाजवळ, सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी मेटासिक्वोया या सूचिपर्णी वृक्षाचे दलदलीतले अरण्य होते आणि तो वृक्षही पानगळीचाच होता, असे वाचनात आले. पाण्याची ददात नसताना त्याने पाने का गाळावीत?

उत्तर १ :
सर, आपण नेमक्या वादाच्या जागी बोट ठेवले आहे. तिथे हिवाळ्यात तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवत नाही. त्या काळी हवा उबदार असल्याने पाने अंधारातही श्वसन करत राहून साठवलेली साखर संपवतील, त्यापेक्षा ती टाकलेली बरी, असे स्पष्टीकरण अनेक वर्षे दिले जात होते. रॉयर, ऑस्बर्न आणि बीअरलिंग यांनी ध्रुवीय हिवाळ्याचा अंधार कृत्रिमरीत्या निर्माण करून रोपे वाढवली, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब उलटा निघाला : सदाहरित रोपांचा श्वसनातला तोटा थोडा होता, तर पानांबरोबर गळून गेलेला कार्बन त्याहून कितीतरी जास्त. म्हणून ‘अंधार होता, म्हणून पानगळ’ असे मुलांना ठामपणे सांगू नये, असे माझे मत आहे.

उत्तर २ :
वरील मताला त्या बेटावरचाच आधार आहे, कारण तिथे मेटासिक्वोयाच्या जोडीने पाइन आणि स्प्रूस हे सदाहरित वृक्षही वाढत होते. मुलांना तिथल्या लाकडाविषयीही अवश्य सांगावे. ते दगड झालेले नाही. करवतीने कापले जाते, काडी लावली तर जळते, आणि खोडांचे बुंधे मुळांसकट जागच्या जागी उभे आहेत. आपल्या विहिरींत लागणारा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे ते अरण्य बहरले तेव्हा तो थिजून दोन कोटी वर्षे उलटली होती.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मेटासिक्वोया आज कुठे जिवंत आढळतो का?

उत्तर १ :
होय, चीनमध्ये. शिगेरू मिकी यांनी १९४१ साली हे नाव केवळ जीवाश्मांवरून दिले. जिवंत झाडांचे शास्त्रीय वर्णन १९४८ साली प्रसिद्ध झाले. तीही दर हिवाळ्यात पाने गाळतात.