पुढचा जाड की मागचा? स्वे बारवरून सोसायटीच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

बी-७०४: गाडीवाल्यांनो, जरा डोकं लावा. माझ्या टू-सीटरला आफ्टरमार्केट (कंपनीबाहेरचा) स्वे बार, म्हणजे वळणात गाडी झुकू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा दांडा, टाकायचं मनात आहे. कंपनीचा पुढचा २२ मिमी, मागचा १६ मिमी, दोन्ही भरीव. समोर तीन पर्याय आहेत. एक, पुढे २५ आणि मागे १९ असा भरीव सेट. दोन, फक्त पुढचा २५, पण पोकळ, दोन्ही टोकांच्या वळलेल्या हातांना तीन-तीन भोकं असलेला. तीन, फक्त मागचा १९. विकणारा म्हणतोय डोळे झाकून सेट घ्या. काय करू?

डी-३०४: सेट घे. एकदाच खर्च, एकदाच हात काळे.

सी-५०१: डोळे झाकून काही घेऊ नकोस रे. आधी सांग, गाडीला होतंय काय? नुसती झुकते म्हणून बार हवाय, की वळणात नाक बाहेर जातं, की शेपूट सुटतं?

बी-७०४: ताई, झुकते तर आहेच. पटकन डावी-उजवी केली की सावरायला वेळ घेते. ट्रॅकवर लांब वळणाच्या मधोमध स्टिअरिंग अजून फिरवलं तरी नाक बाहेरच पळतं. आणि वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दिला की आतलं मागचं चाक नुसतं गरगर फिरतं.

सी-५०१: डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गियर, साधं ओपनच आहे ना?

बी-७०४: हो, एलएसडी (एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफरन्शियल) नाही.

सी-५०१: मग तिसरा पर्याय आत्ताच खोड.

डी-३०४: अहो ताई, तुमच्या गाडीला तुम्ही फक्त मागचाच बार टाकलाय ना? उठता-बसता त्याचं कौतुक ऐकवता आम्हाला 😄

सी-५०१: ऐकवणारच, गाडी चालते तशी. पण माझी हॅचबॅक फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. मागचा बार कडक झाला, घट्ट वळणात मागचं आतलं चाक चक्क उचललं गेलं, तरी बिघडत नाही. त्या चाकाला कुठे इंजिनचा जोर पोचवायचाय? याची गाडी मागच्या चाकांवर पळते. आधीच आतलं चाक हलकं पडून फिरतंय, त्यात मागचा बार जाड केला की ते आणखी हलकं. ओपन डिफरन्शियल असल्यावर बाहेरच्या चाकालाही जोर मिळत नाही. म्हणजे वळणातून बाहेर पडताना नुसता इंजिनाचा आवाज.

सचिव: हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी आहे. कृपया नोंद घ्यावी.

ए-२०३: सचिवसाहेब, हाही मेंटेनन्सच आहे. जरा बोलू द्या पोरांना.

सी-१०२: मला एक सांगा, हा बार जाड केला की खड्ड्यात गाडी कमी आपटते का? माझी कंबर धरते हो.

सी-५०१: नाही काकू, उलट. बार डावं आणि उजवं चाक एकमेकांना बांधतो. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदमच वर जातात, तेव्हा बार नुसता बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या रबरी कड्यात) फिरतो, त्याचा काही त्रास नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र त्याची ओढ बारमधून दुसऱ्या बाजूला पोचते. बार जितका कडक तितकं डोकं डावी-उजवीकडे हलतं. तुम्ही या फंदात पडू नका.

सी-१०२: बरं झालं विचारलं. चालू द्या तुमचं.

ए-२०३: आता मी जरा मुळापासून सांगतो, कंटाळलात तर पुढे सरका. ओला टॉवेल दोन टोकांना धरून पिळतो ना, बारचं काम तेवढंच. गाडी झुकली की एक टोक वर जातं, दुसरं खाली, मधला दांडा पिळला जातो आणि परत सरळ व्हायला बघतो. म्हणून गाडी कमी झुकते.

पण बार घेताना लोक इथेच थांबतात. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळण किती जोरात घेतलं यावर ठरतं. बार जाड केल्याने त्या बेरजेत नावापुरताच फरक पडतो. बार ठरवतो ती वाटणी. पुढच्या जोडीने त्यातला किती भार सोसायचा आणि मागच्या जोडीने किती. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाची पकड दुसऱ्याच्या मानाने घटते. पुढचा कडक केला तर नाक बाहेर जायला बघणार, मागचा कडक केला तर शेपूट.

डी-३०४: काका, मग सेट घेतला तर दोन्हीकडे ३-३ मिमी वाढतंय. फिट्टंफाट, बॅलन्स जागेवर. बरोबर?

ए-२०३: नाही. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ चा २५ केलास तर सुमारे ६७ टक्के वाढ. १६ चा १९ केलास तर जवळपास दुप्पट.

सी-५०१: बघा! म्हणजे सेट टाकला तर मागचाच जास्त कडक होणार.

ए-२०३: ताई, तेही नाही. टक्क्यांवर जाऊ नका. मागचा मुळात किरकोळ आहे, किरकोळाच्या दुप्पट म्हणजे किती? चौथे घात मांडतो, हजारांत. पुढचा २३४ वरून ३९१, म्हणजे १५७ ची भर. मागचा ६६ वरून १३०, म्हणजे ६४ ची भर. बारची लांबी आणि हातांची लांबी पुढे-मागे सारखी धरली तर पुढे पडलेली भर मागच्या दुपटीहून जास्त आहे. प्रत्यक्षात लांब्या वेगळ्या असतात, शिवाय स्प्रिंगांचा वाटा असतोच. म्हणून त्या सेटने याच्या गाडीचा बॅलन्स नेमका कुठे सरकेल, हे नुसत्या मिलिमीटरवरून विकणाऱ्याला सांगता येणार नाही. मलाही नाही.

बी-७०४: काका, पोकळ बार म्हणजे कमजोर ना? तेच खटकतंय.

ए-२०३: पिळताना खरं काम बाहेरची कड करते, मधला गाभा नुसता बसून खातो. पाइपची जाडी किती दिली आहे?

बी-७०४: ३.५ मिमी.

ए-२०३: म्हणजे आतला व्यास १८. कडकपणा २५ च्या भरीव बारच्या ७३ टक्के, वजन ४८ टक्के. भरीव भाषेत हा २३ मिमीचा बार झाला. तुझ्या २२ च्या तुलनेत २२ टक्के कडक. दुकानात «२५» ऐकून लोक छाती फुगवतात, पण पाइपची जाडी विचारल्याशिवाय त्या २५ ला काही अर्थ नाही.

बी-७०४: फक्त २२ टक्के? मग कशाला एवढा खटाटोप?

सी-५०१: भोकांसाठी! लिंक, म्हणजे बारचा हात सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी, आतल्या भोकात लावली की हात आखूड होतो आणि बार कडक लागतो. काका, हिशोब द्या त्याला.

ए-२०३: हाताच्या लांबीच्या वर्गाने फरक पडतो. समजा हात २५० मिमीचा आणि भोकं २५-२५ मिमीवर. बाहेरच्या भोकाला तुझ्या जुन्या बारपेक्षा २२ टक्के कडक, मधल्याला ५० टक्के, आतल्याला ९० टक्के. भरीव २५ चा एकच आकडा, ६७, तो या टप्प्यांच्या मध्येच कुठेतरी बसतो. अर्थात बुश दबतात, ब्रॅकेट थोडं वाकतं, त्यामुळे कागदावरचं सगळं चाकापर्यंत पोचत नाही.

ए-१००२: मॅकलारेनमध्ये तर स्वे बारच नसतो 😎

ए-२०३: २०११ च्या १२सी मध्ये नव्हता, खरं आहे. त्यात चारही डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) हायड्रॉलिक नळ्यांनी एकमेकांना जोडले होते. त्याच्या खूप आधी, १९९४ मध्ये, सिट्रोएनने झांटिया ॲक्टिव्हा काढली. हायड्रॉलिक जोर लावून ती वळणातही जवळजवळ सपाट राहायची, आणि दिसायला अगदी साधी घरगुती गाडी! पण आपल्या पोराकडे पाना आहे, हायड्रॉलिक पंप नाही.

सी-५०१: मूळ मुद्द्यावर या. काका, याचं नाक बाहेर जातंय आणि आपण त्याला पुढचा बार कडक करायला सांगतोय. मघाशी तुम्हीच म्हणालात, पुढचा कडक केला की नाक आणखी बाहेर जाणार.

डी-३०४: हां, हा प्रश्न माझ्याही मनात होता. (नव्हता.)

ए-२०३: रास्त प्रश्न. अरे, पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच उभ्या खांबात) आहे का? आणि पुढचे टायर कुठे झिजलेत? खाली जाऊन हात फिरवून बघ.

बी-७०४: स्ट्रटच आहे. बघून येतो.

बी-७०४: आलो बघून. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड गुळगुळीत झालीये, खांद्यावरचे ब्लॉक गोलसर. आतल्या बाजूला मात्र खाचा चांगल्या खोल आहेत. मागचे टायर सारखे झिजलेत.

सी-५०१: घ्या. पत्ता लागला.

ए-२०३: स्ट्रटवाल्या गाडीत अंग झुकलं की बाहेरचं चाकही त्याच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. रबराचा पट्टा पूर्ण टेकतच नाही, मग नाक बाहेर जाईल नाहीतर काय! अशा गाडीत पुढचा बार कडक केला तर भाराच्या वाटणीत पुढचं टोक थोडं हरतं, पण झुकाव कमी झाल्याने टायर जास्त सपाट टेकतो. बऱ्याचदा दुसरा फायदा पहिल्या तोट्याला पुरून उरतो. शिवाय पुढचं टोक जास्त भार सोसायला लागलं की मागच्या आतल्या चाकावर वजन राहतं, तेव्हा त्याचं फिरणंही कमी होईल. तुझ्या दोन्ही तक्रारींना एकच औषध लागू पडतंय, असं क्वचितच होतं.

सी-५०१: तरी माझा हट्ट आहे. बार घेण्याआधी अलाइनमेंट. पुढे निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलणं) मिळतो तेवढा वाढव, टो (चाकांची पुढची कड आत वळलीये की बाहेर) तपास आणि मग पुन्हा चालव. नाक निम्मं ताळ्यावर आलं तर बारकडून काय हवं ते तुला नीट कळेल. आणि टायरच संपले असतील तर बार हा विषयच नको.

बी-७०४: पटलं. म्हणजे आधी अलाइनमेंट, मग पुढचा पोकळ बार, बाहेरच्या भोकावर. मागचा कंपनीचाच.

डी-३०४: आणि सेट?

बी-७०४: सेट तुम्ही घ्या, दादा.

डी-३०४: माझ्या सात सीटरला?? घरचे हाकलतील.

ए-२०३: मागचा बदलायची वेळ आलीच तर एलएसडी बसवल्यावर बदल. तेव्हासुद्धा लक्षात ठेव, टॉर्सन पद्धतीच्या (गियरवर चालणाऱ्या) एलएसडीचं एक चाक पूर्ण हवेत गेलं की तीही जवळपास ओपनसारखीच वागते.

सी-५०१: हो, आणि एका वेळी एकच बदल. बार, टायरची हवा, डॅम्परची क्लिक असं सगळं एका दिवशी हलवलंस तर कशाने काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही. मोकळ्या पॅडवर ठरलेल्या गोलात फिरव, वेग हळूहळू चढव आणि आधी कोणतं टोक सुटतं ते बघ. दोन्ही दिशांनी. पावसात ट्रॅकवर जायची वेळ आली तर बार मऊ भोकावर घेऊन जा, ओल्यात कडक बार गाडीला दचकवतो.

बी-७०४: बसवायला अवघड आहे का? मेकॅनिककडे न्यायचं की खालीच करू?

ए-२०३: करता येईल. पण एका बाजूला जॅक लावून बार सोडवायला जाऊ नकोस. एक चाक लटकलेलं, दुसरं जमिनीवर, म्हणजे बार पिळलेलाच असतो. लिंकचा नट सुटला की दांडा फटकन उडतो, बोटं सांभाळ. दोन्ही बाजू सारख्या उचल आणि गाडी स्टँडवर टेकव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

सी-५०१: पॉलियुरेथेन बुश येतील बरोबर. त्यांना सिलिकॉन ग्रीस नीट चोपड, नाहीतर रॅम्पवरून उतरताना अशी कुईकुई करेल की वॉचमन बॅटरी घेऊन बाहेर येईल. अधूनमधून पुन्हा लावावं लागतं, तो त्रास धरून चाल.

बी-७०४: लिंक जुन्याच चालतील?

ए-२०३: गाडी खाली बसवली आहेस का, म्हणजे स्प्रिंग बदलून?

बी-७०४: हो, २५ मिमी.

ए-२०३: मग लांबी बदलता येणाऱ्या लिंक घे. गाडी सपाट जमिनीवर, तू स्वतः सीटवर, आणि दुसऱ्या कोणाला तरी लिंकची लांबी जुळवू दे. बोल्ट हाताने सहज आत सरकला पाहिजे. ओढून-ताणून बसवलास तर सरळ रस्त्यावरच बार पिळलेला राहील आणि गाडी डाव्या वळणात एक, उजव्या वळणात दुसरीच वागेल. बारचा हात आणि लिंक यांच्यात काटकोनाच्या जवळपास कोन ठेव. आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघ, बार कुठे नळीला किंवा रिमला घासत नाही ना.

सी-५०१: बॉडीला जिथे ब्रॅकेट बसतं तो पत्राही बघ हं. मूळ जागा हलक्या बारच्या हिशोबाने केलेली असते. कडक बारने तिथे तडे गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात. रंग फुटलेला किंवा गंज दिसला तर आधी तिथे मजबुती, मग बार.

सचिव: रविवारी पाहुण्यांच्या पार्किंगच्या कोपऱ्यात करायला हरकत नाही. खाली पुठ्ठा अंथरावा. ग्रीसचे डाग दिसल्यास सफाईचा खर्च संबंधितांकडून वसूल करण्यात येईल.

बी-७०४: धन्यवाद साहेब 🙏 पुठ्ठा दुहेरी टाकतो.

ए-२०३: अजून एक. जुन्या लिंकचा नट गंजलेला असेल तर पाना फिरवताच बॉल जॉइंटची दांडीही बरोबर फिरत राहते, नट तिथल्या तिथे. दांडीच्या टोकाला षटकोनी खाच असेल, त्यात ॲलन की अडकवून धर आणि मग नट सोडव. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेव.

डी-३०४: ॲलन कीचा पूर्ण सेट आहे माझ्याकडे, घेऊन जा. मागच्या वेळी नेलेला टॉर्क रेंच आधी परत आण.

बी-७०४: दादा, तो टॉर्क रेंच सी-५०१ कडे आहे.

सी-५०१: ...आणते.