कूलरचं गवत बोक्यापासून कसं वाचवायचं?

केळीचा_घड (जळगाव)
बोका तीन वर्षांचा, वजन ४ किलो, नाव सरपंच. पारा ४४ वर गेला की मुक्काम कूलरच्या टपावर. गवत ओरबाडतो, स्वतःची वाटी सोडून टाकीतलं पाणी पितो, पहाटे चारला बोंब मारतो. हाक मारली तर फक्त कान वळवतो. यातलं काय सुटण्यासारखं आहे?

धाब्यावरची_मनी (अमळनेर)
शेवटचं सोडून सगळं.
ओरबाडणं ही खोड नाही, भाऊ. त्याने नखाचं जुनं टरफल गळतं, अंग ताणलं जातं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे राहतो, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागतं. त्याला दुसरा प्लॉट द्या. तीन फुटी लाकडी खांब, दीड फूट चौरस जाड फळीवर स्क्रूने पक्का. त्यावर ८ मिमीची काथ्याची दोरी वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. खांब डगमगला की साहेब पुन्हा तिकडे फिरकणार नाहीत. आणि तो कोपऱ्यात लपवू नका, कूलरला लागूनच ठेवा. नाव लावायचं ते चारचौघांत. गवतावर बाहेरून जाळी मारा.

तापीकाठ (भुसावळ)
गवत राहू द्या, आधी टाकी झाका. पंपाची वायर खराब असेल तर पाण्यात करंट उतरतो; अर्थिंग तपासून घ्या. टाकीत वासासाठी फिनाइल टाकत असाल तर आजपासून बंद. असली द्रव्यं मोडणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. म्हणूनच पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतते.
पाण्याला मातीचं पसरट परळ घ्या, काठोकाठ भरा, जेवणापासून चार हात लांब ठेवा, दोन वेळा बदला. ४ किलोच्या बोक्याला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर ते कुत्र्यासारखं नेहमीचं समजू नका. पंजे-पोट ओल्या फडक्याने पुसा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

धाब्यावरची_मनी
पहाटेचं राहिलं. मांजराची शिकारीची वेळच झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेची. रात्री दहाला दोरीमागे दहा मिनिटं दमवा, मग शेवटचं जेवण द्या. बोंब मारल्यावर उठून खायला घालायचं नाही. आठवडाभर आवाज वाढेल; तेवढ्यात एकदा जरी उठलात तरी जास्त ओरडलं की अन्न मिळतं, एवढंच तो शिकेल.
दूध-भाकरीवर ठेवू नका. टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, त्याच्या अभावी डोळे आणि हृदय बिघडतं. भरताच्या ताटाला तोंड लावू देऊ नका. कांद्याची पात आणि लसूण त्याच्या रक्ताला बाधतात.

केळीचा_घड
जाळी किती मापाची?

तापीकाठ
अर्धा इंच. त्याहून मोठी घेतली तर पंजा आत जातो.