गोधडी शिकवायची कुणी कुणाला? (परवाच्या धाग्याला उत्तर)

दाभण

परवा इथं 'बांधावरून' या नावानं लिहिणाऱ्यांनी लिहिलं होतं, की खेड्यातल्या बाईच्या हातात कला उपजतच असते, तिला तीन महिन्यांचं हस्तकलेचं प्रशिक्षण द्या, ती घरबसल्या कमावती होईल. खाली सगळ्यांनी हात जोडले. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

जत तालुक्यात मी सात वर्षं बचत गटांचं काम केलं. वह्या लिहिल्या, बँकेत बायकांबरोबर तासन् तास बसले. त्या सात वर्षांत एकाच गावात मेणबत्त्या, कागदी पिशव्या, मण्यांचे दागिने, ज्यूटच्या बॅगा एवढं सगळं शिकवून झालं. आणि शेवटी गोधडी! शिकवायला आलेली मुलगी असेल बावीस वर्षांची. समोर पहिल्या रांगेत आमची एक मावशी बसलेली. तिनं उभ्या आयुष्यात किती वाकळा शिवल्या त्याची गणती नाही. मुलगी फळ्यावर रेघ मारून सांगतेय, 'धावदोरा सरळ गेला पाहिजे.' मावशीनं मान खाली घालून वीतभर दोरा घालून दाखवला, कारण हजेरीचा भत्ता होता. दोन बोटांच्या अंतरानं टाके असे, की पट्टी लावून मोजावेत. शेवटच्या दिवशी मावशीला प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला.

पुढं काय झालं ते सांगते. त्या बायकांनी पाच बाय सातच्या गोधड्या केल्या. एकीचा हिशेब मी वहीत टिपलाय. कापड ४२०, दोरा ६०, प्रदर्शनाला जायच्या टेम्पोचा आणि जेवणाचा वाटा १५०. विकली गेली १८०० ला. हातात राहिले ११७०. शिवायला लागले ६४ तास. म्हणजे तासाला अठरा रुपये! रोहयोवर (रोजगार हमीवर) २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ होता, तासाला एकोणचाळीस पडले. माती वाहणाऱ्या बाईला जास्त मिळाले आणि कलावंत म्हणवल्या जाणाऱ्या बाईला निम्मेही नाहीत.

कमी आहे ते प्रशिक्षण नाही. कमी आहे तो गिऱ्हाईक आणि आगाऊ पैसा. हे कुणी बोलत का नाही?

बांधावरून

ताई, तुमचा हिशेब खरा असेल, पण त्यावरून सगळ्यावर बोळा फिरवू नका. माझी थोरली वहिनी एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. सासरी तिला अंगणाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. सहा महिन्यांचा शिवण वर्ग निघाला म्हणून ती रोज दुपारी दोन तास घराबाहेर पडली. आज गावातले निम्मे ब्लाउज तिच्याकडे येतात, आणि दोन्ही मुलींची फी तिनं भरलीय. तासाला किती पडले हे तिनं कधी मोजलं नाही, पण तिची मान वर झाली. ते तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात बसतं?

शिवाय सरकार काही करत नाही असंही नाही. २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांना १५,०००, वर पाच टक्क्यांनी कर्ज.

दाभण

वहिनींचं मनापासून कौतुक. पण तुम्ही माझंच म्हणणं सांगताय हो! ब्लाउजचं गिऱ्हाईक गावातच आहे, चालत येतं, माप देतं, पैसे देतं. लग्नसराईत तर ते दारात उभं राहतं. त्यासाठी प्रदर्शन लागत नाही, टेम्पो लागत नाही. ज्यूटच्या बॅगेचं गिऱ्हाईक आमच्या गावात कोण?

आणि विश्वकर्माचं म्हणाल तर त्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, कुंभार आहे, टोपल्या-झाडू करणारे आहेत. गोधडी शिवणारी नाही. म्हणून आमच्या बायकांनी स्वतःला शिंपी लिहून घेतलं. माझ्या गल्लीत अशी आलेली तीन शिलाई मशिनं आहेत. एकावर टीव्ही ठेवलाय.

हिशेबनीस

दोघंही चुकताय. हातानं ६४ तास लागणारी वस्तू बाजारात पोट भरूच शकत नाही, कारण समोर यंत्रावरची रजाई आहे. शहरातल्या लोकांना हस्तकलेचं कौतुक असतं, म्हणून खेड्यातल्या बायकांना सुईदोऱ्याला बांधून ठेवायचं का? शेळ्या द्या, दूध संकलन द्या, डाळ मिल द्या. माझ्या आईनं सहा शेळ्यांवर आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. तिला कुणी कलाकार म्हटलं नाही, पण घरात दाणा कमी पडला नाही. लिज्जतचं उदाहरण सगळे देतात. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटले. पण पापड खाऊन संपतो, पुढच्या महिन्यात परत लागतो. गोधडी एकदा घेतली की पंधरा वर्षं दुसरी लागत नाही. हा साधा फरक आहे.

दाभण

शेळ्यांना माझा विरोध नाही. लिज्जतचा मुद्दा तर मला पूर्ण पटला, मी तो असा कधी पाहिला नव्हता. एक भर घालते. तिथं बाई पीठ घेऊन जाते, लाटलेले पापड आणून देते आणि मजुरी घेते. विकायची चिंता तिची नाही. आमच्याकडे मात्र बाईनंच कापड आणायचं, शिवायचं, टेम्पोनं न्यायचं, स्टॉलवर उभं राहायचं, ऑनलाइन पैसे आले का ते बघायचं, आणि नाही विकली तर डोक्यावर घेऊन परत यायचं. याला म्हणे 'उद्योजकता'.

येवल्याची सून

या सगळ्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही. मी पैठणीच्या घरात दिलेली. सतरा वर्षं कांड्या भरल्या, रेशीम उकललं, रात्री दिव्याखाली तुटलेले धागे जोडले. माग सासऱ्यांच्या नावावर, नंतर नवऱ्याच्या. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण साडी विकली गेली की पैसे कुणाच्या हातात येतात ते विचारा. मी मागावर बसायला लागले ते नवऱ्याचं कमरेचं ऑपरेशन झाल्यावर. तेव्हा शेजारचे म्हणाले, 'बाईमाणूस मागावर?' पैठणीचा नारळी काठ मी नवऱ्याइतकाच सफाईनं विणते. हस्तकलेत बाईचं काम 'मदत' असतं आणि पुरुषाचं काम 'धंदा' असतो. आधी ते बदला, मग प्रशिक्षणाचं बोलू.

डहाणूकडचा

येवल्याच्या ताईंना दुजोरा. आमच्या वारल्यांत लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं भिंतीवरचं चित्र, सवाष्णी लिहायच्या, तांदळाच्या पिठानं, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणायची. तो बायकांचाच मान होता. मग सत्तरच्या दशकात कागद आला, कापड आलं, शहरातून पैसा आला. जिव्या सोमा म्हसेंनी ही कला जगात नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण आज आमच्याकडे चित्र विकणाऱ्यांत पुरुष जास्त दिसतात. माझी आजी भिंतीवर लिहायची. मी, तिचा नातू, कॅनव्हासवर काढून विकतो. हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहतो. मूळ विषय थोडा बाजूला ठेवून बोलतो, माफ करा. मागच्या भारतभेटीत एका प्रदर्शनात 'पारंपरिक गोधडी' म्हणून घेतली, ती कोऱ्या छापील सुती कापडाची निघाली. आत पॉलिस्टर. ती गोधडी नव्हेच! गोधडी म्हणजे आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, आईचं विटलेलं पातळ. अंगावर घेतली की माणसं जवळ आल्यासारखं वाटलं पाहिजे. कोऱ्या कापडाची गोधडी विकणं ही फसवणूक आहे. या संस्था परंपरेचा बाजार मांडतात.

दाभण

फसवणूक? शब्द जपून वापरा. आमच्या बायकांनी पहिल्या वर्षी जुन्या लुगड्यांच्याच गोधड्या नेल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, उन्हात तापवलेल्या. एक बाई हात लावून म्हणाली, 'ही कुणी नेसलेली साडी आहे का? शी!' आणि हात पुसला. माझ्या मावशीसमोर. तुम्हाला आजीचं लुगडं हवंय, पण ते तुमच्याच आजीचं. आमच्या आजीचं लुगडं तुमच्या पलंगावर चालत नाही. म्हणून कोरं कापड आलं, आणि त्याबरोबर ते ४२० रुपये आले.

सातासमुद्रापार

मी तसं म्हणालो नव्हतो. माझ्यावर त्या बाईचं खापर का फोडताय?

तांड्यावरची

दाभणताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. जुन्या कापडाचा विटाळ मानणारी माणसं आम्ही पाहिलीत. माझी आई फेटिया-कांचळीवर, म्हणजे आमच्या बायकांच्या घागरा-चोळीवर, आरसे भरायची. एका आरशाभोवती किती टाके असतात ते कधी मोजलंय का कुणी? लोक तांड्यावर यायचे, आईच्या अंगावरची जुनी कांचळी मागायचे, शंभर रुपये द्यायचे, आणि शहरात नेऊन तिचे तुकडे उशीच्या अभ्र्यावर लावून विकायचे. तेव्हा मात्र 'नेसलेलं' चालत होतं, कारण त्यावर 'अँटिक' अशी चिठ्ठी लागलेली होती. आईनं तिच्या लग्नातली कांचळी दिली, घरात आजारपण होतं म्हणून. ती आजही त्याबद्दल बोलत नाही.

हिशेबनीस

जुनं की नवं यावरच दोन दिवस झाले. याच भावुकपणामुळे या क्षेत्राचं वाटोळं झालंय.

येवल्याची सून

भावुकपणा नाही दादा. कापड जुनं असलं की भांडवल शून्य आणि नवं असलं की कर्ज. एवढा रोकडा मुद्दा आहे. तुम्ही हिशेबनीस ना?

बांधावरून

सगळं वाईटच चालू आहे असं वाटावं असा सूर लागलाय. मग कच्छचं काय? १९६९ मध्ये दुष्काळात चंदाबेन श्रॉफ धाणेटी गावात गेल्या, तिथल्या अहीर बायकांच्या भरतकामातून 'सृजन' उभं राहिलं. हजारो बायकांना काम मिळालं. म्हणजे होऊ शकतं!

दाभण

होऊ शकतं, मी कुठं नाही म्हणतेय? पण त्यांनी काय केलं ते बघा ना. बायकांना भरतकाम शिकवलं नाही, ते त्यांना येतच होतं. त्यांनी साड्या नेल्या, भरायला दिल्या, मजुरी दिली आणि त्या मुंबईत नेऊन स्वतः विकल्या. कापड त्यांचं, जोखीम त्यांची. माझं भांडण एवढंच आहे!

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट लिहिते. आमच्या बायका गोधड्या शिवतात उन्हाळ्यात. चैत्र-वैशाखात रान मोकळं असतं, अंगण कोरडं असतं, कापड अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवायला जागा असते. प्रदर्शनं लागतात हिवाळ्यात, मागणी येते तेव्हाच. आणि तेव्हा आमच्या अर्ध्या बायका कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कारखान्याच्या थळात. का जातात? मुकादम आधीच उचल देतो. घरात लग्न, दवाखाना, फी असलं की जो आधी पैसे देतो त्याच्यामागं माणूस जातं. गोधडीसाठी आजवर कुणी उचल दिली? प्रमाणपत्र दिलं, चहा-बिस्किट दिलं. एकदा एका गटाला चाळीस नगांची मागणी आली होती. आगाऊ काही नाही, माल पोचल्यावर तीन महिन्यांनी पैसे. बायका म्हणाल्या, 'ताई, तीन महिने खायचं काय?' आणि ऊसतोडीला गेल्या. त्या बायकांना वरच्या साहेबांनी 'उदासीन' लिहिलं. तो कागद मी माझ्या हातानं पोचवलाय.

बांधावरून

उचलीचा मुद्दा माझ्या लेखात नव्हता. असायला हवा होता. पण बाई घराबाहेर पडते यालाही किंमत आहे, यावर मी ठाम आहे. ते मागे घेणार नाही.

दाभण

नका घेऊ. ते मलाही मान्य आहे. फक्त त्यासाठी तिला येत असलेली गोष्ट परत शिकवू नका.

सातासमुद्रापार

माझा 'फसवणूक' हा शब्द मागे घेतो. मूळ मुद्दा सोडत नाही, पण शब्द चुकला.

एक विचारायचं होतं. सांगलीच्या घरी ट्रंकेत आईची चार नऊवारी पातळं आहेत. ती गेल्यापासून कुणी उघडलेली नाहीत. तुमच्या मावशी शिवून देतील का? किती घेतील?

दाभण

देतील. रोहयोचाच दर धरते, तासाला ३९, म्हणजे ६४ तासांचे २४९६. अडीच हजार मजुरी, दोरा आमचा.

हिशेबनीस

अडीच हजार? कापड त्यांचं असूनही? जयपुरी रजाई यापेक्षा स्वस्त मिळते.

तांड्यावरची

मग ती घ्या ना तुम्ही. त्यांच्या आईची पातळं जयपूरला नाहीत.

सातासमुद्रापार

मला मान्य आहे. पैसे कसे पाठवू?

दाभण

निम्मे आधी, थेट मावशीच्या खात्यात. खात्याचा तपशील इथं देणार नाही, निरोप धाडते. पातळं फाल्गुनाच्या आत पोचवा, ज्येष्ठाच्या आधी गोधडी मिळेल, पेरणी लागली की हात लागणार नाही. आणि काठ काढायचे की ठेवायचे ते भावंडांना विचारून कळवा. मावशी म्हणते, जुने काठ जाड असतात, सुई जड जाते, ठेवायचे असतील तर दोन दिवस जास्त लागतील आणि त्याचे पैसे वेगळे.